सहा ग्रॅम हवा आणि सत्तर किलोंचा माणूस

सत्तर किलोंचा माणूस छातीभर श्वास घेऊन पाण्यात शिरला, तर पाण्यात त्याचं वजन किती उरतं? शून्याच्याही खाली, उणे अडीच किलो. त्याला पाण्याखाली दाबून ठेवायचं झालं, तर वरून अडीच किलोंचा भार द्यावा लागेल. त्याच माणसाने तो श्वास होता होईल तेवढा सोडून दिला, की वजन होतं अधिक २.३ किलो, आणि तो सावकाश तळाकडे निघतो. या दोन अवस्थांमध्ये फरक आहे ४.८ लिटर हवेचा. तेवढ्या हवेचं वजन भरतं जेमतेम सहा ग्रॅम, पाच रुपयांच्या एका नाण्याइतकं.

पोहायला शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतात, ‘घाबरू नको, पाणी उचलतं.’ वाक्य खरं आहे. पण पाणी किती उचलतं, कुठे उचलतं आणि कधी हात काढून घेतं, हे कुणी सांगत नाही. मला वाटतं ते आकड्यांनिशी सांगायला हवं. कारण हा सगळा व्यवहार दोन-अडीच किलोंच्या शिलकीवर चालतो, आणि ती शिलक कशात उडते हे कळलं की भीतीचं निम्मं कारण संपतं.

आधी शरीराचं खातं मांडू. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. चरबीची घनता पाण्याच्या ०.९ पट, म्हणजे एक किलो चरबी सुमारे १.११ लिटर जागा अडवते आणि तेवढंच पाणी बाजूला सारते. प्रत्येक किलोमागे ११० ग्रॅमची जमा. चरबी सोडून उरलेलं शरीर, म्हणजे स्नायू, हाडं, रक्त, अवयव, यांची सरासरी घनता १.१ पट. त्यातला प्रत्येक किलो जवळपास ९० ग्रॅमने पाण्याचं देणं लागतो. सत्तर किलोंच्या माणसात २० टक्के चरबी धरली, तर १४ किलो चरबीची जमा दीड किलोंहून थोडी जास्त आणि उरलेल्या ५६ किलोंचं देणं पाच किलोंहून थोडं जास्त. वजाबाकी केली की साडेतीन किलोंचं कर्ज. छातीत हवाच नसती, तर हा माणूस कुठल्याही तलावात साडेतीन किलोंच्या धोंड्याच्या ओढीने खाली गेला असता.

ते कर्ज फेडतात फुप्फुसं. प्रौढ पुरुषाच्या फुप्फुसांत पूर्ण श्वास घेतल्यावर सुमारे सहा लिटर हवा मावते. सहातून साडेतीन गेले, राहिले अडीच. वर सांगितलेली शिलक ती हीच.

हे खातं प्रत्येक शरीराचं वेगळं. पंचावन्न किलोंची, २८ टक्के चरबी असलेली स्त्री घ्या. तिची फुप्फुसं लहान, सुमारे ४.२ लिटरची, पण शरीराचं कर्जही दोन किलोंच्या आतच. पूर्ण श्वासावर तिची शिलक २.३ किलो, आणि नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आत उरणाऱ्या दोनेक लिटर हवेवरही ती काठोकाठ तरंगते. याउलट तालमीत किंवा मैदानावर घाम गाळणारा, पासष्ट किलोंचा, जेमतेम आठ टक्के चरबीचा तरुण. त्याचं कर्ज पाच किलोंना टेकलेलं, आणि छातीभर श्वास घेऊनही शिलक किलोभराच्या वर फारशी जात नाही. पोहण्याच्या वर्गात धडधाकट पोरं बुडतात आणि त्यांच्या आया, मावश्या पहिल्याच आठवड्यात निवांत पाण्यावर पडून राहतात, यात धैर्याचा प्रश्न नाही. खातीच वेगळी आहेत. शिकवणाऱ्यांनी हे लक्षात घेतलं, तर कितीतरी सडपातळ मुलांच्या माथी लागणारा भित्रेपणाचा शिक्का टळेल.

आता हे उचलणं येतं कुठून ते पाहू. आपल्या प्रत्येक चौरस सेंटीमीटर कातडीवर हवेचा दाब सुमारे एक किलोचा असतो. प्रौढ माणसाची कातडी साधारण १.८ चौरस मीटर, म्हणजे १८ हजार चौरस सेंटीमीटर. सर्व बाजूंनी मिळून हा भार होतो १८ टन! तो आपल्याला जाणवत नाही, कारण आतूनही तेवढाच दाब असतो. पाण्यात उतरलं की दर सेंटीमीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर आणखी फक्त एक ग्रॅम वाढतो. आडव्या शरीराची जाडी सरासरीने १२ सेंटीमीटर धरली, तर पाठीवरचा दाब छातीवरच्या दाबापेक्षा चौरस सेंटीमीटरमागे १२ ग्रॅमने जास्त. हजार ग्रॅमच्या मूळ दाबापुढे हा फरक एक टक्क्याच्या आसपास. पण आडव्या शरीराखालचं क्षेत्र सुमारे सहा हजार चौरस सेंटीमीटर आहे. सहा हजार गुणिले बारा ग्रॅम, म्हणजे ७२ किलो. अख्खा माणूस उचलला गेला तो या बारा-बारा ग्रॅमांनी.

आणखी आत गेलं, तर हा दाब म्हणजे रेणूंच्या धडका. एक लिटर पाण्यात रेणू असतात ३३ वर २४ शून्यं, इतके. ते सेकंदाला सरासरी सहाशे मीटरच्या वेगाने, म्हणजे हवेतल्या आवाजापेक्षाही जोरात धावू पाहत असतात. फक्त शेजारी इतके दाटीने उभे, की पाऊल टाकायच्या आत टक्कर होते. पाठीला बसणाऱ्या धडका छातीला बसणाऱ्या धडकांपेक्षा किंचित जास्त. त्या ‘किंचित’वर आपण तरंगतो.

हा हिशेब पहिल्यांदा मांडला तो सिराक्यूजच्या आर्किमिडीजने, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात. मुकुटाची आणि न्हाणीघरातून धावत सुटण्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ती लिहिली व्हिट्रुव्हियसने, आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. आर्किमिडीजचा खरा ठेवा म्हणजे तरंगणाऱ्या वस्तूंवरचा त्याचा ग्रंथ. त्याची मूळ ग्रीक भाषेतली आज माहीत असलेली एकमेव प्रत एका चर्मपत्राच्या पोथीत उरली आहे. तेराव्या शतकात कुणीतरी ती अक्षरं खरवडून वर प्रार्थना लिहिल्या. खालची पुसट अक्षरं कुणाची आहेत हे १९०६ साली हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाने ओळखलं, आणि १९९८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ती पोथी २० लाख डॉलरला गेली.

आर्किमिडीजच्या नियमाची व्याप्ती बघायची, तर दोन टोकं घ्या. ऑलिंपिक तलाव ५० मीटर लांब, २५ मीटर रुंद. दोन मीटर खोल धरला तर पाणी २५ लाख लिटर. त्यात सत्तर किलोंचा माणूस उतरून तरंगायला लागला, की पातळी वाढते एका मिलिमीटरच्या सतराव्या-अठराव्या भागाने. डोक्यावरच्या केसाची जाडीही बहुधा याहून जास्त भरेल. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तोच माणूस पातळी अडीच मिलिमीटरने चढवतो. पाच-सहा पोरं एकदम पाण्यात असली, की पायरीच्या कोरड्या दगडावर नवी ओली रेघ उठते ती यामुळे. दुसरं टोक ‘आयएनएस विक्रांत’. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात दाखल झालेली ही विमानवाहू नौका २६२ मीटर लांब आणि सुमारे ४५ हजार टनांची. जहाजाचं हे वजन म्हणजेच त्याने बाजूला सारलेल्या समुद्राच्या पाण्याचं वजन. ते पाणी होतं सुमारे ४ कोटी ३९ लाख लिटर, साडेसतरा ऑलिंपिक तलाव भरतील एवढं. विक्रांतला आणि शिकाऊ पोराला लागू होणारा नियम एकच आहे. फरक शिलकीचा. विक्रांतच्या पोटात पोकळ जागा भरपूर, त्यामुळे तिचा मोठा भाग पाण्याबाहेर राहतो. हिमनगाचा नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो हे आपण ऐकतो. छातीभर श्वास घेतलेल्या माणसाचा मात्र ९६-९७ टक्के भाग पाण्याखालीच राहतो. बाहेर काढायला मिळतात फक्त अडीच लिटर.

हे अडीच लिटर कशावर खर्च करायचे, यावरच शिकाऊ माणसाचं सगळं अवलंबून आहे.

तलावाच्या उथळ कडेला कुठल्याही उन्हाळ्यात हे बघायला मिळतं. दांडी धरलेला नवखा माणूस. पाणी छातीपर्यंतच, तरी हनुवटी वर ताणलेली, मानेच्या शिरा फुगलेल्या, खांदे कानांशी आलेले. त्याला सारं डोकं पाण्याबाहेर हवं असतं. पण डोकं साडेचार-पाच किलोंचं आहे. ते पूर्ण बाहेर काढलं, की पाण्यात उरतं ६८ लिटर शरीर आणि वजन तर ७० किलो. शिलक गेली आणि दोन किलोंचा खड्डा पडला. आता तो खड्डा पायांनी क्षणभरही न थांबता भरत राहायचा. त्यात घाबरून दोन्ही हात वर केले, तर प्रत्येक हात साडेतीन किलोंचा. तूट थेट साडेआठ किलोंवर जाते. एवढा भार नुसत्या पायांनी पेलणं तयारीच्या पोहणाऱ्यालाही जड जातं. वर ‘वाचवा’ म्हणून ओरडलं की लिटर-दीड लिटर हवा गेली, म्हणजे आणखी किलो-दीड किलो. जगायची धडपड करणारं शरीर त्या क्षणी जे जे करतं, ते सगळं त्याला खाली नेणारं असतं. बुडणारा माणूस पृष्ठभागावर झगडत राहतो तो बहुधा २० ते ६० सेकंद, आणि अनेकदा आवाजही न करता.

आता विहिरीकडे वळू. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पोरं पोहायला शिकली ती भोपळ्याची सांगड किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ठोकळा पाठीला बांधून. पुढे पत्र्याचा डबा आला, हवा भरलेली ट्यूब आली, आणि आता गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. झाकण घट्ट लावलेला हा कॅन सुती दोरीने पाठीवर आवळलेला असतो. त्याचं स्वतःचं वजन दोनेकशे ग्रॅम, आणि पाण्याखाली पूर्ण गेला तर तो उचलतो पावणेपाच किलो. बरोब्बर एका डोक्याचं वजन! कॅन बांधलेलं पोर मान वर ठेवून हसत-ओरडत फिरू शकतं, कारण डोकं बाहेर काढायची किंमत कॅन भरत असतो. कॅन सोडला की तीच मान वर ठेवायची सवय महागात पडते. म्हणून कॅनवर शिकलेल्या मुलाला तो काढण्याआधी डोकं पाण्यावर टेकवायला शिकवलंच पाहिजे.

अडीच लिटरचा उत्तम खर्च म्हणजे उताणं पडणं. कान पाण्यात, डोक्याचा मागचा भाग पाण्यात, नजर सरळ आकाशात. बाहेर राहतात कपाळ, डोळे, नाक, तोंड आणि छातीची एक पट्टी. नाक-तोंडापुरताच चेहरा बाहेर ठेवायला लिटरभरही पुरतो. चांगला शिकवणारा या वेळी नवख्याच्या डोक्याखाली फक्त दोन बोटं धरतो. सत्तर किलोंचा माणूस दोन बोटांवर तोलला जातो, यात चमत्कार नाही. त्या क्षणी बोटांवर येणारा भार फार तर काहीशे ग्रॅमांचा असतो. मी हे जेव्हा जेव्हा पाहतो, तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. खांदे कानांपासून सुटतात, मूठ उघडते, आणि गालावरची पाण्याची रेघ श्वासाबरोबर काही मिलिमीटर खाली-वर होताना स्पष्ट दिसते. श्वास आत, रेघ खाली. श्वास बाहेर, रेघ वर. साध्या एका श्वासात अर्धा लिटर हवा ये-जा करते, म्हणजे प्रत्येक श्वासाला शरीर अर्धा किलो हलकं आणि अर्धा किलो जड होतं.

यातच एक उपयोगी गोष्ट दडलेली आहे. आपण एरवी श्वास घेतो तो फुप्फुसांच्या तळाच्या बाजूला. आत अडीच लिटर हवा तशीच राहते, वर अर्धा लिटर येतो आणि जातो. आपल्या सत्तर किलोंच्या माणसाला तरंगायला साडेतीन लिटर लागतात, म्हणजे नेहमीच्या श्वासावर तो अर्धा ते एक किलोने बुडतोच. तोच अर्धा लिटर त्याने भरलेल्या छातीवर फिरवला, सहावरून साडेपाच आणि पुन्हा सहा, की शिलक दोन किलोंच्या खाली कधी जात नाही. भरून घ्या, थोडा सोडा, लगेच भरून घ्या. तरंगण्याचं तंत्र म्हणून एकच सूचना द्यायची झाली, तर मी हीच देईन. हठयोगप्रदीपिकेत स्वात्मारामाने प्लाविनी नावाचा एक कुंभक सांगितला आहे. आत भरपूर वायू भरून घेतलेला साधक खोल पाण्यावरही सहज तरंगतो, असं त्याचं फळ दिलं आहे. लिटर-किलोंचा हिशेब समोर नसतानाही अनुभवाने तो तिथवर पोचला होता.

पाय खाली जातात, त्याची धास्ती अनेकांना असते. हवा छातीत, जड हाडं आणि मांड्या दुसऱ्या टोकाला. पाणी शरीराला जिथून उचलतं तो मध्य आणि गुरुत्वमध्य यांच्यात काही सेंटीमीटरचंच अंतर असतं, पण शरीर कलवायला तेवढं पुरतं. दोन्ही हात पाण्याखालूनच डोक्याच्या पलीकडे ताणले, गुडघे थोडे वाकवले, की हे अंतर आणखी कमी होतं. आणि पाय गेलेच खाली, तर जाऊ द्यावेत. शरीर तिरकं होऊन स्थिरावतं, तोंड बाहेरच राहतं. पाय बुडाले म्हणजे माणूस बुडाला असं नाही.

पाणी बदललं की शिलक बदलते. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ पट, त्यामुळे आपल्या माणसाची अडीच किलोंची शिलक समुद्रात ४.३ किलो होते. धरमतर ते गेटवे हे पस्तीसेक किलोमीटरचं अंतर पोहून येणाऱ्यांना भरती-ओहोटी आणि जेलीफिश सोसावे लागतात, पण तरंगण्याच्या बाबतीत खारं पाणी त्यांच्या बाजूने असतं. मृत समुद्राची घनता सुमारे १.२४ पट. तिथे शिलक वीस किलो! श्वास पूर्ण सोडला तरी १४ किलो उरतात, बुडी मारायची म्हटली तरी जमत नाही. तिथेही माणसं दगावतात, कारण पालथं झाल्यावर सरळ होणं अवघड जातं. कोमट पाणी किंचित पातळ असतं. ४ अंशांच्या पाण्याऐवजी ३० अंशांच्या तलावात उतरलात तर तीनशे ग्रॅमची शिलक कमी झाली म्हणून समजा.

आणि खोली. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि छातीतल्या सहा लिटर हवेचे तीन लिटर होतात. आपल्या माणसाला साडेतीन लागतात. ती रेषा येते सुमारे सात मीटरवर, विहिरीच्या मापात तीन-चार परस खाली. त्याच्या वर पाणी माणसाला उचलतं, त्याच्या खाली ओढायला लागतं. तळाचा दगड काढून आणायच्या पैजा लावणाऱ्या पोरांना ही रेषा कुणी दाखवलेली नसते. खोल विहिरीत, धरणाच्या पाण्यात तिचा अर्थ जीवघेणा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२१ साली जगभरात सुमारे तीन लाख माणसं बुडून मेली. तासाला तीसहून अधिक. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. भारतात दरवर्षी बुडून मरणाऱ्यांची सरकारी नोंद तीस हजारांच्या वर जाते, आणि आपल्याकडे हे मरण विहिरीत, शेततळ्यात, नदीच्या घाटावर, सहलीच्या धबधब्याखाली येतं. ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेने ‘जगायचं असेल तर तरंगा’ या आशयाची मोहीम काही वर्षांपूर्वी सुरू केली. पाण्यात पडलात तर आधी पोहू नका, उताणे व्हा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग पुढचं, एवढंच त्यात सांगतात. अशी मोहीम आपल्या शाळांमधून का चालू नये?

तरंगता आलं म्हणजे वाहत्या नदीत उतरायला मोकळीक मिळाली असं नाही. ओढ, भोवरे, अंगावर गुंडाळणारी साडी किंवा जीन्स, शेवाळलेला घाट, शेततळ्याचा घसरडा प्लास्टिकचा कागद, यांच्यापुढे अडीच किलो फारच थोडे आहेत. पण अचानक पाण्यात पडलेल्या मुलाला कुणी दोरी टाकेपर्यंतची चार-पाच मिनिटं हवी असतात, आणि तेवढी मिनिटं ही शिलक नक्की देऊ शकते.

म्हणून या उन्हाळ्यात मुलाला पोहण्याच्या वर्गाला घालताना शिकवणाऱ्यांना एवढं सांगा, हात-पाय मारायला नंतर शिकवा, आधी त्याला दहा मिनिटं उताणं पडून राहता येऊ द्या. स्वतःलाही येत नसेल तर त्याच वर्गात नाव घाला. छातीएवढं पाणी, शेजारी पोहता येणारा माणूस आणि डोक्याखाली दोन बोटं, याहून जास्त काही लागत नाही.